मंत्री मोजून कापसाला भाव येत नाही

दिल्लीत मंत्रिमंडळ विस्ताराची नुसती कुजबुज सुरू झाली की आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात पानठेल्यापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच हिशोब चालू होतो. विदर्भाले किती भेटले? पश्चिम महाराष्ट्राले किती? कॅबिनेट कोण, राज्यमंत्री कोण, आपल्या समाजाचा आहे का नाही, अन् मागच्या टायमाले होता तो या टायमाले काहून काढला? टीव्हीवाले पण तेच दाखवतात, नकाशावर टिकल्या लावून. मग दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते विदर्भावर अन्यायच झाला, दुसरी म्हणते अन्याय कसा बाप्पा, गडकरी साहेब आहेत ना, आणि रात्री उशिरापर्यंत फॉरवर्ड चालू राहतात. या सगळ्या भांडणात खातं कोणतं हे कोणी विचारत नाही, आणि त्या खात्यात आपल्या कामाची कोणती फाईल जाते हे तर मुळीच नाही. माझं म्हणणं सरळ आहे, की विदर्भाला किती मंत्रिपदं मिळाली यावर भांडण्यात कापूस-सोयाबीनवाल्या माणसाचा काहीच फायदा नाही, उलट नुकसान आहे, कारण ज्या टेबलावर आपला निर्णय होतो त्या टेबलाकडे आपलं लक्षच जात नाही.

आधी मोजणीवाल्यांच्याच हिशोबाने चालू. जून 2024 मध्ये शपथविधी झाला तेव्हा पंतप्रधान धरून 72 जणांचं मंत्रिमंडळ होतं. विदर्भात लोकसभेच्या जागा 10. त्यात सत्ताधारी बाजूचे निवडून आले फक्त तीन, नागपूर, अकोला आणि बुलडाणा. आणि त्या तिघांपैकी दोघं मंत्री झाले! नितीन गडकरी कॅबिनेट, प्रतापराव जाधव राज्यमंत्री स्वतंत्र प्रभार. तिघातले दोघं, म्हणजे मोजणीच्या भाषेत विदर्भाला लॉटरीच लागली म्हणायची. आता पुढचं बघा. 19 ऑगस्ट 2025 पासून परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं, पहिले 30 सप्टेंबरपर्यंत, आणि मग दहा दिवसाच्या आत ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या टायमाला आमच्याकडे पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, पाते-फुलं लागलेले होते, बियाणं, खत, निंदण, फवारणी सगळा खर्च वावरात जाऊन बसलेला होता. एकाचं खातं रस्त्याचं, दुसऱ्याचं आयुष आणि आरोग्य. दोघांच्याही टेबलावर ही फाईल येण्याचं कारणच नव्हतं. मग ते दोघं असले काय आणि पाच असले काय, कापसाच्या बाबतीत फरक काय पडला असता?

कापसाचा मंत्री कोण, हे गावात कोणालाही विचारा, उत्तर येते कृषिमंत्री. तिथूनच चूक सुरू होते. कापसाचा हमीभाव कृषिमूल्य आयोग सुचवतो, हा आयोग कृषी मंत्रालयाखाली आहे, इथपर्यंत बरोबर. पण तो मंजूर होतो मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीत, जिचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. त्या भावाने खरेदी करते सीसीआय, म्हणजे भारतीय कपास महामंडळ, आणि सीसीआय आहे वस्त्रोद्योग मंत्रालयाची. आता वस्त्रोद्योग मंत्रालयाचं मुख्य गिऱ्हाईक कोण? सूतगिरणी आणि कपड्याचा कारखाना, ज्याला कापूस स्वस्त पाहिजे. म्हणजे आपला माल जास्त भावाने घेण्याचं काम ज्या खात्याकडे दिलं त्याच खात्यावर तो माल स्वस्त ठेवण्याचा दबाव आहे, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कापूस बाहेर जाऊ द्यायचा का नाही हे वाणिज्य खात्याकडे. बाहेरून येणाऱ्यावर कर किती हे अर्थ खात्याकडे. चोर बीटीचं, म्हणजे परवानगी नसलेलं, बियाणं दरवर्षी बांधावर येऊन पडते, सगळ्यांना माहीत आहे, पण जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, बियाण्याला परवानगी द्यायची का नाही हा विषय ज्या समितीपुढे जातो ती पर्यावरण मंत्रालयात. युरिया-डीएपी रसायन व खत मंत्रालयात. नदी-धरणं जलशक्तीत, सोसायटी-जिल्हा बँकेचा विषय 2021 पासून नव्या सहकार मंत्रालयात. आणि सोयाबीनची गोष्ट तर याहून वाईट आहे. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, लोकं खुश, मग 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी, अगदी पेरणीच्या तोंडावर, ते 10 टक्क्यावर आणलं. दोन्ही वेळी आदेश अर्थ खात्याचा. कृषिमंत्र्याने यात काय केलं? आदेश तरी त्याचा नव्हता.

हे सगळं कागदावरचं वाटत असेल तर एखाद्या दिवशी सीसीआयची खरेदी चालते त्या जिनिंगवर जाऊन उभं राहा. कास्तकाराने आधी मोबाईलवर कपास किसान ॲपमध्ये नोंदणी केलेली असते, सातबाऱ्यावर पेरा लावून घेण्यासाठी तलाठ्याकडे चकरा मारलेल्या असतात, स्लॉट भेटला की पहाटे गाडी भरून लाईनीत. ग्रेडर येतो, गाडीच्या वरच्या थरात नाही, हात खाली खुपसून मधल्या कापसात मशीन लावतो. 8 टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव, 8 च्या वर प्रत्येक टक्क्याला पैसे कापणार, 12 च्या वर गेला तर गाडी परत. दिवाळीच्या आसपासच्या पहिल्या वेच्यात, त्यात परतीचा पाऊस झालेला, 12 च्या आत कापूस आणायचा कुठून हो? गाडी परत फिरली की भाडं अंगावर, म्हणून मग तोच माणूस रस्त्यातच खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावोगाव माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, माल टाकून मोकळा होतो. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता आणि खेड्यात व्यापारी त्याच्या खूप खाली मागत होता. त्या लाईनीत उभ्या असलेल्या माणसाचा त्या दिवशीचा भाव कोणी ठरवला? ओलाव्याची अट वस्त्रोद्योग खात्याच्या कंपनीने, बाजारातला भाव अर्थ खात्याच्या आयात शुल्काच्या आदेशाने आणि हमीभावाचा आकडा आर्थिक व्यवहार समितीने. विदर्भाला किती मंत्री हा आकडा यात कुठेच बसत नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं काही उगाच नाही, ते नीट ऐकलं पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या भागाचा मंत्री असला की फरक पडतो, हे रेल्वेने सिद्धच केलेलं आहे. रामविलास पासवान रेल्वेमंत्री असताना 1996 मध्ये नव्या रेल्वे झोनचं मुख्यालय हाजीपूरला ठरलं, जे त्यांचाच मतदारसंघ, आणि नितीश कुमार रेल्वेमंत्री असताना 2002 मध्ये तो झोन सुरू झाला. लालूंच्या काळात इंजिनाचे कारखाने मधेपुरा आणि मढौऱ्याला नेण्याचं ठरलं. नागपूरच्या आजूबाजूचे रस्ते बघितले तर गडकरींचं कौतुक विरोधक पण करतात. दुसरी गोष्ट, ज्याने पऱ्हाटी पाहिलीच नाही तो पऱ्हाटीचं दुखणं काय समजणार. पंजाबराव देशमुख 1952 ते 1962 दहा वर्षं केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते, पापळसारख्या गावात शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस, त्यांनी भारत कृषक समाज उभा केला, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, हे दुसऱ्या कोणाला सुचलं असतं का? आणि तिसरी, मला सगळ्यात वजनदार वाटणारी गोष्ट, की मान. ज्या भागाला, ज्या समाजाला शंभर वर्षं कोणी खुर्चीवर बसवलं नाही, त्याचा माणूस राष्ट्रपती भवनात शपथ घेतो तेव्हा गावातल्या पोराच्या डोक्यात काहीतरी बदलते. ते भाषणबाजी म्हणून उडवून लावणारा माणूस मला शहाणा वाटत नाही.

हे सगळं मान्य. पण रेल्वेचं उदाहरण नीट बघा, ते आपल्याच विरोधात जाते. पासवान, नितीश, लालू यांच्याकडे रेल्वे होती, म्हणजे वस्तू वाटणारं खातं. कारखाना इथे टाकायचा का तिथे, गाडी इथे थांबवायची का तिथे, रस्ता इकडून न्यायचा का तिकडून, हे ज्या खात्याच्या हातात आहे तिथे आपला माणूस कामाचा, यात वादच नाही. शेतीचं तसं नाही. शेतीत भाव असतो आणि भाव मतदारसंघाप्रमाणे वेगळा देता येत नाही. आर्वीच्या कापसाला एक शुल्क आणि राजकोटच्या कापसाला दुसरं, असं होत नसते. रस्ता देणारा मंत्री आणि भाव ठरवणारा मंत्री ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि आपण एकाचा अनुभव घेऊन दुसऱ्याकडून अपेक्षा करतो. पंजाबरावांचंही तेच. त्यांचं मोठेपण ते अमरावतीचे होते म्हणून नाही, ते दहा वर्षं एकाच खात्यात होते आणि ते खातं त्यांच्या विषयाचं होतं म्हणून. त्यांना त्या काळात रसायन किंवा नागरी उड्डाण दिलं असतं तर विदर्भाचा कोटा भरलाच असता की, आणि आपण आज त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने घेतलं असतं.

बरं, खातं पण बरोबर आणि माणूस पण आपला, असं झालं तर? झालेलं आहे ना. 2012. देशाचे कृषिमंत्री शरद पवार, म्हणजे महाराष्ट्राचे, खातं नेमकं तेच, सरकार त्यांच्या पाठिंब्यावर चालणारं, अनुभव तर विचारूच नका. 5 मार्च 2012 ला केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. आदेश वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा. आनंद शर्मांकडे तेव्हा वाणिज्य आणि वस्त्रोद्योग अशी दोन्ही खाती होती, म्हणजे गिरणीवाल्याचं गाऱ्हाणं ऐकणारा आणि निर्यात बंद करणारा एकच मंत्री. आणि कृषिमंत्री जाहीरपणे म्हणाले की मला विचारलंच नाही! देशाच्या कृषिमंत्र्याला! मार्च महिन्यात आमच्याकडे कास्तकाराच्या घरात कापूस असतो, भाव वाढेल म्हणून मोठ्या हिमतीने ठेवलेला, खोलीत छतापर्यंत भरलेला, अंगाला खाज येते तरी लेकरं त्याच्यावरच झोपतात, आणि त्या दिवशी एका कागदाने त्याचं गिऱ्हाईक तोडलं. मोजणीवाला म्हणेल, पण पवार होते म्हणून तर बंदी उठली ना? खरं आहे, त्यांनी आवाज केला, गुजरातनेही केला, पंतप्रधानांना लक्ष घालावं लागलं, आठवड्याभरात सरकारने पाऊल मागे घेतलं, तेही अर्धं, कारण नव्या निर्यातीच्या नोंदण्या त्यानंतरही काही काळ अडवूनच ठेवल्या. पण कामाला काय आलं हे बघा. कृषी खातं आलं नाही, सरकार टिकवणाऱ्या खासदारांचं वजन आलं. तेच खातं वजन नसलेल्या दुसऱ्या कोणाकडे असतं तर त्याने पत्र लिहिलं असतं आणि पत्राला पोच मिळाली असती.

2008 च्या कर्जमाफीची गोष्टही याच जातीची. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, सगळ्या देशाला माहीत झालं की मरण इथे चालू आहे. दीड वर्षाने बजेटमध्ये कर्जमाफी आली ती अर्थमंत्री चिदंबरम यांची, आणि तिच्यात अट दोन हेक्टरची. दोन हेक्टर म्हणजे पाच एकर. ओलिताच्या पाच एकरवाला आणि आमच्या कोरडवाहू बरड जमिनीच्या आठ एकरवाला, यात गरीब कोण? अर्थ खात्याच्या कागदावर आमचा आठ एकरवाला मोठा शेतकरी झाला, त्याला पूर्ण माफी नाही, पंचवीस टक्के सूट आणि तीही बाकीचे पैसे भरले तर. पुढे ओरड झाली तेव्हा कोरडवाहू जिल्ह्यांसाठी थोडी भर घातली. कृषिमंत्री तेव्हाही महाराष्ट्राचेच होते. ही अट ठरत होती तेव्हा कोरडवाहू आणि ओलिताचा फरक कोणी फाईलवर लिहिला होता का? हा प्रश्न त्या वेळी आपल्या खासदारांनी संसदेत किती ताकदीने लावून धरला, ते पण विचारा.

राज्यातलं उदाहरण घ्यायचं तर ते अजून टोचणारं आहे. वसंतराव नाईक आमच्या पुसदचे, 1963 ते 1975 सलग मुख्यमंत्री. यापेक्षा मोठी खुर्ची राज्यात नसते. तरी कृषी विद्यापीठ पहिले राहुरीला झालं, 1968 मध्ये, आणि अकोल्याला ते मिळावं म्हणून वऱ्हाडातल्या लोकांना रस्त्यावर उतरून आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे 1969 मध्ये अकोल्यात आलं. नाईकांना विदर्भाचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही, हरितक्रांतीसाठी जीव टाकलेला माणूस तो. पण मुख्यमंत्री सगळ्या राज्याचा असते, त्याला सगळ्यात जास्त भीती आपल्याच भागाचं केलं असं म्हणतील याची असते. खुर्चीवरचा आपला माणूस कधी कधी परक्यापेक्षा जास्त सावध राहते. सिंचनाचा अनुशेष किती आहे हे दांडेकर समितीने 1984 मध्ये मोजून दाखवलं, त्याआधी विदर्भाने कन्नमवार आणि नाईक असे दोन मुख्यमंत्री दिलेले होते.

आणि ज्यांना वाटते की कॅबिनेटमध्ये बसलं म्हणजे निर्णयात बसलं, त्यांनी बाबासाहेबांचं 1951 चं राजीनाम्याचं निवेदन वाचावं. दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोकं जातात, तिथल्या स्टॉलवर ते मिळते. हिंदू कोड बिलासाठी राजीनामा दिला एवढंच आपल्याला शाळेत सांगतात. पण त्या निवेदनात त्यांनी सुरुवातीलाच खात्याचा विषय काढला आहे, की आपल्याला कायद्याशिवाय दुसरं प्रशासकीय खातं दिलं नाही, नियोजनाचं खातं द्यायचं कबूल करून दिलं नाही, परराष्ट्र आणि संरक्षणासारख्या कॅबिनेटच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतलं नाही, आणि समित्यांमध्ये आधीच ठरलेलं नोंदवून घेणं एवढंच काम कॅबिनेटला उरलं आहे. घटना लिहिणारा माणूस, देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळात, आणि त्याची तक्रार ही! मोजणीच्या यादीत त्या वेळी एक टिकली लावलेली होती ना? मग त्या टिकलीचं काय केलं? आज आपण सत्तर वर्षांनी तीच टिकली मागत बसलो आहे.

राज्यमंत्रिपदाबद्दल तर मला वेगळाच राग आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या 15 टक्क्यात बांधली, म्हणजे 543 ला 81. चांगलंच झालं, नाहीतर उत्तर प्रदेशात 1997 मध्ये 93 जणांचं मंत्रिमंडळ झालं होतं. पण त्यामुळे प्रत्येक पद आणखी किमती झालं आणि आता राज्यमंत्रिपद म्हणजे एखाद्या भागाची किंवा जातीची समजूत घालायचं साधन होऊन बसलं. स्वतंत्र प्रभार नसला तर कॅबिनेट मंत्री देईल तेवढंच काम, कॅबिनेटच्या बैठकीत नेहमीची जागा नाही. आणि गमत अशी की आपला खासदार एकदा का मंत्री झाला की तो संसदेत सरकारला प्रश्न विचारू शकत नाही आणि खात्यांचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीवर राहू शकत नाही. वर कॅबिनेटची सामूहिक जबाबदारी आहेच, घटनेतच लिहिलेली, म्हणजे 11 टक्के शुल्क काढलं तर त्याने ते बरोबर कसं आहे हेच सांगायचं, नाहीतर चिंतामणराव देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं तसं सोडायचं. असा सोडणारा त्यानंतर किती वेळा पाहिला? म्हणजे कामाचं खातं नसलेलं एक राज्यमंत्रिपद घेऊन आपण एक प्रश्न विचारणारा गमावतो आणि फटाके फोडतो. 2024 मध्ये गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांनी राज्यमंत्रिपद नाकारलं, आधी कॅबिनेट होतो म्हणून, तेव्हा दोन दिवस चर्चा दर्जाची चालली. त्यांना कोणतं खातं देत होते हे त्या दोन दिवसात कोणी विचारलं का?

काही शहाणे लोकं म्हणतात की मग शेतकऱ्याशी लागून असलेली सगळी खाती एकत्र करा, एकच मोठं मंत्रालय, एकच मंत्री. ऐकायला बरं वाटते. पण खाणाऱ्याला तेल स्वस्त पाहिजे आणि पिकवणाऱ्याला सोयाबीन महाग, हे भांडण खाती एकत्र केल्याने मिटत नाही, फक्त एका माणसाच्या डोक्यात जाऊन बसते. आणि इचलकरंजीचा मागवाला, तिरुपूरच्या शिलाई मशीनवरची बाई, हे पण गरीबच आहेत, अमेरिकेने 2025 मध्ये 50 टक्के टॅरिफ लावल्यावर त्यांच्या पोटाचा विचार सरकारने करू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? सरकारने आयात शुल्क काढलं त्याला कारण होतं. माझी तक्रार एवढीच आहे की गिरणीचं म्हणणं फाईलवर होतं हे निकालावरून कळते, कास्तकाराचं म्हणणं होतं का नाही हे कळायला आज काही मार्ग नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली अर्थ खातं एक अधिसूचना काढते, दुसऱ्या दिवशीपासून लागू, संसदेपुढे ती नंतर ठेवायची असते.

यातली मजा अशी की नियम आधीच आहे. केंद्र सरकारच्या 1961 च्या कामकाज नियमात लिहिलेलं आहे की एखादा विषय एकापेक्षा जास्त खात्यांचा असला तर त्या सगळ्या खात्यांची संमती झाल्याशिवाय आदेश काढायचा नाही, आणि संमती झाली नाही तर कॅबिनेटकडे जायचं. मग कापसाच्या आयात शुल्काचा विषय कृषी खात्याचा आहे का नाही? आहे असं धरलं तर 2025 च्या ऑगस्टमध्ये कृषी खात्याने फाईलवर हो म्हणलं का नाही म्हणलं? आणि नाही असं धरलं तर कृषी व शेतकरी कल्याण हे नाव 2015 मध्ये कशासाठी ठेवलं? हा प्रश्न आपल्या 10 खासदारांपैकी जो मंत्री नाही तो कोणीही लेखी टाकू शकते, त्याला सत्ताधारी असायची गरज नाही, टिकलीची तर मुळीच नाही. मला वाटते मागणी पण याच भाषेत असली पाहिजे: जूनमधल्या पेरणीपासून फेब्रुवारीतल्या शेवटच्या वेच्यापर्यंत कापूस, तूर आणि सोयाबीन तेलाच्या शुल्कात बदल करायचा असला तर कृषी खात्याचं लेखी मत आदेशासोबतच जाहीर करा. बंदी घाला, शुल्क काढा, जे करायचं ते करा, पण आमच्या नावाने जे खातं आहे त्याने काय म्हणलं ते आम्हाला पेरणीच्या आधी नाही तर निदान सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेच्याच्या पूजेच्या, आधी वाचायला मिळू द्या.

याच्यावर लगेच उत्तर येईल की असे कागद छापून कुठे भाव वाढते, आणि स्थायी समित्यांचे अहवाल सरकार कचऱ्यात टाकते. टाकते, हो. डिसेंबर 2024 मध्ये कृषीच्या स्थायी समितीने हमीभावाला कायद्याचं बंधन द्या असं लिहून दिलं, समितीचे अध्यक्ष विरोधी पक्षाचे, काँग्रेसचे चरणजितसिंग चन्नी, आणि समितीत सगळ्या पक्षांचे खासदार असतात. सरकारने तो कायदा केला नाही. पण तो अहवाल छापील आहे, त्यावर सरकारला उत्तर द्यावं लागते, ते उत्तरही छापून येते, आणि पुढच्या निवडणुकीत सभेत उभं राहून ते वाचून दाखवता येते. नकाशावरच्या टिकलीला असं काही विचारता येत नाही. तसंही या समित्यांकडे बजेटनंतर प्रत्येक खात्याच्या मागण्या तपासायला येतात, आणि सीसीआयचं वस्त्रोद्योग खातं येते श्रम, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकासाच्या समितीकडे, कृषीच्या नाही. त्या समितीवर सध्या विदर्भातला कोण आहे आणि ओलाव्याच्या 12 टक्क्याच्या अटीवर त्याने तोंड उघडलं का, हे संसदेच्या वेबसाईटवर बसल्या जागी पाहता येते. पुढच्या वेळी मंत्रिमंडळ विस्ताराची लिस्ट ग्रुपवर आली की तिच्या खाली आधी हे नाव टाका, मग अन्याय झाला का नाही यावर बोलू.